दाबून सोडलेला सूर

अंतराचं पत्र गणपती बसायच्या आधी आलं होतं. आता दसरा तोंडावर आला, तरी गिरिधरनं उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र लहानच होतं. "मोबाईलवर काही विचारलं की तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून कागदावर विचारते. दसरा झाला की मला बघायला पाहुणे येणार आहेत. अण्णांना मी काय सांगू? हो असेल तर हो लिहा, न्हाई असेल तर न्हाई लिहा. पण लिहा."

जालन्याच्या वाचनालयात दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं लावणाऱ्या गिरिधरला स्वतःचं एक वाक्य जुळत नव्हतं. मनात 'हो'च होतं. पण लिहायला बसला की वाटायचं… ती अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, बँजो पार्टीत शेकडो माणसांसमोर वाजवणारी, आणि आपण कानाला हेडफोन लावून वाजवणारे. उद्या तिला आपला कंटाळा आला तर?

ओळख उन्हाळ्यातली. जुन्या जालन्यात खुर्शीदभाईंचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं तो आपली गिटार घेऊन गेला होता.

"भाई, याला व्हॅमी बार बसेल का? म्हणजे तो दांडा… हलवला की सगळे सूर एकदम खाली-वर लहरतात."

खुर्शीदभाईंनी गिटार उलटीपालटी करून पाहिली. "बसंल की. पण अर्धं लाकूड कोरावं लागंल. मंग आवाज कसा राहील, त्याचा भरोसा आपण देत न्हाई."

"कशाला पाहिजे तुम्हाला तो दांडा?" बाकावरून एका मुलीनं विचारलं. मांडीवर बटणांचा बँजो घेऊन ती त्याला नवी तार चढवत होती.

"शूगेझ नावाचा एक प्रकार असतो," गिरिधर खाली बघत म्हणाला. "त्यात गिटारचा आवाज धुक्यासारखा पसरतो. वाजवणारे मान वर करत नाहीत. आपल्या बुटांकडे बघत वाजवतात, म्हणून ते नाव."

"मंग तुमचं अर्धं शिकून झालं. तुम्ही न वाजवताच चपलांकडं बघून राह्यले."

खुर्शीदभाई खोकला येईपर्यंत हसले. गिरिधरचे कान तापले, पण त्यानं मान वर केली. तिच्या गालावर तेलाचा काळा डाग होता. तो पुसायला सांगावं की नाही, हे त्याला बराच वेळ ठरवता आलं नाही.

"हे बघा," ती म्हणाली. तिनं उजव्या हातानं तार छेडली आणि बटणांच्या पलीकडं, तार खुंटीकडं जाते तिथं, बोट हळूच दाबलं. सूर उचलला गेला, थरथरला. "नवरीच्या पाठवणीला अण्णा असंच वाजवतात. अख्खा मांडव रडतो."

गिरिधरनं गिटारच्या खुंट्यांजवळ, तारा टेकतात त्या पट्टीच्या पलीकडं, तशीच तार दाबली. मोकळ्या तारेचा सूर वर चढला, सोडल्यावर जागेवर आला. मग त्याला आणखी काही सुचलं. सगळ्या तारा एकदम छेडून त्यानं गिटार छातीशी धरली आणि तिची दांडी, म्हणजे खुंट्यांपर्यंत जाणारी लांब मान, अगदी थोडीशी पुढं लोटली. सगळाच आवाज हळूहळू खाली घसरला…

"हे बँजोला न्हाई जमत!" ती पुढं सरकली.

पण त्यानं तळवा ठेवून तारा बंद केल्या होत्या.

"मधेच का थांबवलं?"

"बेसूर व्हायला लागला ना."

"होऊ द्या की. सोडला की जागेवर येतो. तुम्ही तर तो यायच्या आधीच त्याचं तोंड दाबून राह्यले."

पुढं तो तिच्या गावी, हसनाबादला, तिला मोबाईलवर रेकॉर्डिंग पाठवत राहिला. ती जालन्याला आली की दोघं खुर्शीदभाईंच्या बाकावर बसत. एकदा तिनं मोबाईलवर विचारलं, "तुमच्या या आवाजात मी कुठं आहे का?" बरंच काही लिहून, सगळं पुसून, शेवटी त्यानं अंगठा पाठवला होता.

रविवारी दुपारी त्यानं हेडफोनची वायर काढली. खिडकी उघडली. तारा छेडून दांडी पुढं लोटली. आवाज खाली घसरला, डगमगला, आणि त्याचा तळवा सवयीनं तारांकडं निघाला. त्यानं तो अडवला. दांडी सैल सोडली. आवाज सावकाश वर आला आणि होता तिथं येऊन थांबला.

"गिरिधर, बिघडलं का रे काही?" खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाईंनी हाक मारली.

"न्हाई काकू. असंच आहे ते."

"मंग वाजव. बरं वाटून राह्यलं."

मग तो लिहायला बसला.

"अंतरा, हो. उशीर झाला, कारण मला माझीच खात्री नव्हती. पूर्ण अजूनही नाही. माझा सूर कधी घसरेल, पण आता तो परत येईपर्यंत मी वाट बघेन. तुम्हीही बघाल का? अण्णांना सांगा, दसऱ्याला सोनं द्यायला मी हसनाबादला येतोय. आणि तुम्ही विचारलं होतं ना, त्या आवाजात तुम्ही कुठं आहात. घसरून परत येतो, तिथं."

सोमवारी पोस्टात त्यानं खिडकीतल्या माणसाला विचारलं, "हसनाबादला दसऱ्याच्या आत पोचेल ना?"

"हसनाबादच आहे ना? लंडन तर न्हाई," तो म्हणाला. "टाका बाहेरच्या पेटीत."

पाकीट फटीत अर्धं गेलं, तशी गिरिधरची बोटं थबकली. मागं उभ्या माणसानं घसा खाकरला.

गिरिधरनं बोटं सोडली. आत पाकीट पडल्याचा बारीकसा आवाज आला.