ध्रुपद धरणारा माणूस

सरकून बसा पुढं, माउली. चपलांची काळजी सोडा, पुण्यातले चोरसुद्धा आधी नंबर बघून घेतात. आज एक आख्यान सांगायचं आहे. त्यात राजा नाही, आणि भक्ताची कसोटी बघायला आलेला देवही नाही. एक बहीण आहे, एक भाऊ आहे आणि मोबाइलवर उघडणारं एक संकेतस्थळ आहे. नीट कान द्या, कारण शेवटी मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे.

शालनताई कर्वेनगरला राहतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. त्यांचा धाकटा भाऊ जयसिंग. त्याची तिथंच पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या आवाजाच्या वरताण ओरडून बोलायची सवय, त्यामुळे गळा असा कमावलेला की माइक लागायचा नाही. बायको लवकर गेली. लेक तनया, तिला त्यानं एकट्यानं वाढवलं. वेणी घालायलासुद्धा तो शालनताईंकडूनच शिकला.

दर गुरुवारी संध्याकाळी कसब्यातल्या आमच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन असतं. बुवा अर्धी ओळ म्हणून हात वर करतात आणि उरलेली अर्धी मागचे टाळकरी उचलतात. त्याला ध्रुपद धरणं म्हणतात. जयसिंग वीणेकऱ्याच्या डाव्या हाताला उभा राहायचा, टोपीच्या कडेला पीठ तसंच. बुवांचा श्वास संपायचा तिथं त्याचा सुरू व्हायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. पण फलकावर नाव बुवांचं, नारळ बुवांना. ध्रुपद धरणाऱ्याचं नाव कुठं छापलं जात नाही, आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे.

तो गेला भर दुपारी, गिरणीतच. आमच्या मंदिरात रिवाज आहे की टाळकरी गेला तर वर्षभर त्याच्या जागी कोणी उभं राहायचं नाही, आणि बुवांनी सोडलेली पहिली ओळ कोणी उचलायची नाही. एक श्वासभर शांतता ठेवायची आणि मग बाकीच्यांनी सुरू करायचं. त्या शांततेला आम्ही ‘जयसिंगचं ध्रुपद’ म्हणायचो.

शालनताईंना एवढ्यानं पुरेना. वर्ष सरलं की जागा भरणार, मग काय उरणार? तनया खराडीला एका कंपनीत नोकरी करते. तिनं आत्याला ‘ओसरी’वर खातं उघडून दिलं. ओसरी म्हणजे असं संकेतस्थळ की ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहावं, वाचणाऱ्यांनी खाली उत्तरं द्यावीत. शालनताई लिहू लागल्या. भाऊ टाळ कसा धरायचा, उपासाला दळण का घ्यायचा नाही, गिरणीत ओव्या कशा म्हणायचा. जुनी ध्वनिमुद्रणं जोडली. सांगलीच्या कुणी बाईंनी लिहिलं, ‘ताई, तुमच्या भावाच्या आवाजानं आमच्या आईला झोप लागते.’ त्या दिवशी त्यांनी सोसायटीत पेढे वाटले.

आता एक चूक ऐका. ती कीर्तनाच्या माणसाकडूनच व्हायची.

कीर्तनाला उभा राहिलेला माणूस आधी लीनता दाखवतो. मी अज्ञानी, माझे बोल बोबडे, चुकलं तर पदरात घ्या. ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं की ही रीत आहे. शालनताईंचं बालपण या रितीत गेलेलं. त्यांनी प्रत्येक लेखाच्या वर लिहिलं, ‘मी अडाणी बाई. माझ्या सांगण्यात खरं थोडं, पदरचंच जास्त. संतांनी सांभाळून घ्यावं.’

एका सकाळी पहिला निरोप आला. ‘आपला मजकूर हटवण्यात आला आहे. कारण: अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीविषयी माहिती. मजकुरात खरे थोडे असल्याचे लेखिकेने स्वतःच मान्य केले आहे.’ खाली सही: समूह-सुरक्षा विभाग.

तक्रार कुणी केली, ते लिहिलेलं नव्हतं. शालनताई हसल्या. तनयाला फोन केला, तीही हसली. म्हणाली, आत्या, मशीन असतं ते, अपील कर, येईल परत.

हटवलेला लेख मंदिरातल्या जागेबद्दलचा होता.

त्या गुरुवारी शालनताई मंदिरात आल्या, तर वीणेकऱ्याच्या डाव्या हाताला शौनक नावाचा नवा टाळकरी उभा. वर्ष अजून सरायचं होतं. त्यांनी मृदंगवाल्या केदारला बाजूला घेऊन विचारलं. केदारनं मृदंगाच्या पुडीवरची शाई चाचपत त्यांच्याकडे पाहिलं.

“कुणाची जागा, ताई? इथं जागा राखून ठेवायची पद्धत नाही. हे मंदिर आहे, नाट्यगृह नाही.”

तो थट्टा करत नव्हता. बुवांनी पहिली ओळ सोडली आणि शौनकनं ती लगेच उचलली. मी तिथं होतो. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, पण काय ते समजेना.

दुसरा लेख गेला, तो ध्वनिमुद्रणांचा. शालनताई निश्चिंत होत्या, मूळ प्रती त्यांच्या फोनमध्ये होत्या. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी एक लावली. बुवांनी अर्धी ओळ म्हटली आणि पुढची अर्धीही बुवांनीच म्हटली. सलग. मध्ये श्वास नाही, कापल्याची खूण नाही. उभी हयात त्यांनी तारेवरून आवाज ओळखले होते. डोळे मिटून त्या टाळ ऐकू लागल्या. पूर्वी डावीकडून एक टाळ अंमळ जड वाजायचा. आता सगळे सारखे वाजत होते.

त्यांनी अपील केलं. तिथंही बोटांनी सवयीनं आधी तेच लिहिलं, ‘मी अज्ञानी, काही चुकलं असल्यास क्षमा असावी.’ उत्तर तासाभरात आलं. ‘चूक मान्य केल्याबद्दल आभार. संबंधित आणखी मजकूर हटवण्यात येत आहे.’

लेख एकेक करून जात राहिले. सांगलीच्या बाईंना त्यांनी निरोप पाठवला, तर उत्तर आलं की माफ करा, आईला झोपेच्या गोळ्या चालू आहेत, आवाजाचं काही आठवत नाही. गिरणीच्या गाळ्यात बिर्याणीवाला होता, तो म्हणाला मी कधीपासून इथंच आहे. गाळ्याच्या मालकानंही मान डोलावली. शालनताईंनी आवाज चढवला तेव्हा मालक म्हणाला, बाई, दळण हवं असेल तर पुढच्या चौकात विचारा, इथं अर्धा किलोच्या खाली काही मिळत नाही.

मग विभागाकडून एक निरोप आला. पहिल्यांदाच त्याची भाषा मऊ होती.

‘आपली तळमळ आम्ही समजतो. सदर व्यक्ती अस्तित्वात होती याबद्दल जवळच्या नातेवाइकाची साक्ष जोडावी. आपण त्यांच्या मुलीला विचारून पाहावे.’

मुलगी आहे, हे त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं.

शालनताई बसनं खराडीला निघाल्या. साक्षीला सोबत भाऊबिजेचा फोटो घेतला. बसमध्ये उन्हाच्या तिरिपेत तो काढून पाहिला. फोटोत त्या ओवाळत होत्या. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता. पुढं रांगोळी, रांगोळीत पाट. पाटावर कोणी नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून त्या फोटोत मनापासून हसत होत्या.

त्यांनी फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. बाकीचा रस्ता त्यावर हात ठेवून बसल्या.

कंपनीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तनया गळ्यातलं ओळखपत्र सावरत आली. नेहमीसारखी गोड हसली, वाकून नमस्कारही केला.

“अहो काकू, एवढ्या लांब कशाला आलात उन्हाच्या? खात्याचा काही प्रॉब्लेम असेल तर फोनवर सांगितलं असतं ना.”

काकू.

आत्या म्हणायला आधी बाप लागतो.

“तनया,” त्या म्हणाल्या, “तुझी आई कधी गेली?”

“मी लहान असताना. का हो?”

“मग तुला वाढवलं कुणी?”

तनयानं कप ओठांपर्यंत नेला होता. तो तसाच राहिला. ती आठवत होती. कपाटात हात घालून एखादी वस्तू चाचपावी तसं. कपाळावर आठी आली आणि हळूच गेली.

“कुणीतरी असेलच ना,” ती म्हणाली. “कधी विचारच नाही केला.”

तिच्या केसांची वेणी होती. तीन पेडांची, डावीकडे जरा सैल. गिरणीत दमलेल्या हातांनी जशी पडायची, तशी. आपली आपण घालताना ती तशी का घालते, हे तिला ठाऊक नसावं.

शालनताई घरी आल्या. आता एकच लेख उरला होता. त्याखाली सूचना होती, ‘परीक्षण चालू आहे.’

या वेळी त्यांनी क्षमा मागितली नाही. लिहिलं, ‘हे सगळं खरं आहे. एक अक्षर पदरचं नाही.’ मग रकाना उघडला: ‘व्यक्तीचे पूर्ण नाव लिहा.’

त्यांची बोटं थांबली.

गेल्या गुरुवारी त्या माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या. हे सगळं त्यांनी सांगितलं, तुम्हाला मी सांगतोय तसंच. शेवटी विचारलं, “मला भाऊ होता ना हो?” ऐकता ऐकता ती डाव्या हाताची जागा मला आठवली होती. मी म्हटलं, होता. “काय नाव त्याचं?” मी नाव सांगितलं. त्या ते पुटपुटत स्टॉपपर्यंत गेल्या. बस आली, तेव्हा त्यांचे ओठ हलायचे थांबलेले मी पाहिले.

म्हणून आज घाईघाईनं तुम्हाला बसवलं. मघाशी सुरुवातीला मी त्याचं नाव घेतलं होतं. दोन-चारदा घेतलं असेल. आत्ता पुन्हा घ्यायला जातोय.

तुम्ही ऐकलंय, माउली. तेवढं ध्यानात ठेवा. जमलं तर एकदा मोठ्यानं म्हणा, म्हणजे मलाही ऐकू येईल.