सर्वांत खालच्या थरातलं बटण

"शर्टाचं बटण! तेही प्लास्टिकचं! सर्वांत खालच्या थरात!" पाहणीला आलेले पुरातत्त्व खात्याचे साहेब आत्यावर कडाडले. "बाई, तीन हजार वर्षांपूर्वी लोक शर्ट घालत होते का? वरच्या-खालच्या थरांतल्या वस्तूंची सरमिसळ केलीत तुम्ही! उद्या खड्डा बुजवा. उत्खनन बंद!"

भोपू आणि चिमटी या भावंडांच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीचे आठ दिवस आत्याच्या उत्खननावर ब्रशने माती झाडून दोघांचे हात भरून आले होते. आत्या सारखी बजावायची, "वरची माती नवी, खालची जुनी. वस्तू कुठल्या थरात सापडली ते लिहिलं, तरच ती जुन्या माणसांबद्दल काही सांगते. नाहीतर खापराचा नुसता तुकडा!" अशी बाई सरमिसळ करेल? तिची तीन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती, आणि साहेब खुर्चीतून हलायला तयार नव्हते!

"साहेब, एकदा खाली उतरून बघा ना!" भोपू म्हणाला.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!"

मोठ्या माणसांना काय म्हणावं! दोघं शिडीवरून खड्ड्यात उतरली. बटण सापडलं तिथे आत्याने खूण केली होती. त्या खुणेच्या वरच, भिंतीत मुठीएवढं एक भोक होतं.

"इथली माती पिवळी, घट्ट," चिमटी पुटपुटली. "मग या भोकाच्या कडेला काळी, भुसभुशीत माती कुठून आली? ती तर फक्त सर्वांत वरच्या थरात आहे!"

"उंदराचं बीळ!" भोपू किंचाळला.

"हळू रे, भोपू!"

बिळाचं दुसरं तोंड चहाच्या तंबूमागे सापडलं. चिमटीने वरून गोटी सोडली. अडकली! दुसरी सोडली. गडगडत थेट खाली, खड्ड्यात थांबलेल्या भोपूच्या ओंजळीत!

"आता साहेबांना सांगू या."

"ते ऐकतील? कपाळ!" असं म्हणून चिमटीने साहेबांच्या टेबलावरचं पेनाचं टोपण उचललं आणि ती तंबूमागच्या बिळाकडे पळाली.

दोन मिनिटांनी भोपूचा भोंगा वाजला. "साहेब! तुमच्या पेनाचं टोपण सर्वांत खालच्या थरात सापडलं!"

"काहीतरीच! मी तर खड्ड्यात पायसुद्धा ठेवला नाही!"

"बटणवाल्यानेही ठेवला नसेल!"

साहेब खुर्चीतून उठले. मग निमूटपणे शिडी उतरले. बीळ पाहिलं, काळी माती बोटांत चुरून पाहिली आणि चिमटीकडून गोटी पुन्हा सोडवून घेतली.

"बाई, चूक माझी झाली. काम चालू ठेवा," ते ओशाळून म्हणाले. "पोरं हुशार आहेत तुमची!"

"न विचारता टोपण घेतलंत?" आत्या दटावायला गेली, पण तिचे डोळेच भरून आले. "शाब्बास रे! मला दिसायला हवं होतं ते तुम्हाला दिसलं."

तिने नोंदवही उघडली.

"अहो, ते टोपण लिहू नका!" साहेब घाईघाईने म्हणाले.

"खड्ड्यात सापडलेलं सगळं लिहावं लागतं, साहेब," म्हणत आत्याने लिहिलं: वस्तू, पेनाचं टोपण. थर, सर्वांत खालचा. काळ, आज सकाळ. शोधणारे, भोपू आणि चिमटी.