पाचवी फळी

चिखलीच्या चौकात सिग्नल लाल होता, म्हणजे सगळे जातच होते. थांबली होती एकटी मिनल. तिच्या स्कूटरसमोरून एक तरुण खांद्यावर आठ फुटी फळी घेऊन रस्ता ओलांडत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "ओ रत्नाभाऊ!" तो वळला. माणूस वळला की खांद्यावरची फळीही वळते. फळीचं शेपूट टणकन मिनलच्या हेल्मेटवर बसलं.

"लागलं का हो?" तो धावतच आला – फळीसकट. दोन रिक्षांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक लावले.

"हेल्मेटला विचारा," मिनल म्हणाली. "आणि त्या फळीला मागं आरसा बसवून घ्या."

"आरसा असता तर तुमची भेट कशी झाली असती?"

असलं वाक्य ऐकलं की मुलीनं गाडी दामटावी, अशी रीत आहे. पण मिनलनं विचारलं, "सुतारकाम करता?"

कारण घरी कोनाडा होता. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, खांब आणि भिंत यांच्यामध्ये बिल्डरकडून चुकून राहिलेला. माहितीपत्रकात त्यानं त्याला 'खास सजावटीची जागा' म्हटलं होतं. तिथं पाच फळ्या बसवायच्या होत्या, कारण मिनलच्या वडिलांची, कोंडीरामांची पुस्तकं दोन ट्रंकांत गुदमरून पडली होती. फाउंड्रीत पस्तीस वर्षं काढून त्यांनी दोनच गोष्टी जमवल्या होत्या : पुस्तकं आणि गुडघेदुखी.

मिनल महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक दिसली तरी मालाला लाल लेबल : नापास. सुधारून आणण्याजोगा असेल तर पिवळं. पास असेल तर हिरवं. सप्लायर तिच्या टेबलासमोर नवस बोलत उभे राहायचे.

तिनं धम्मरत्नला – रत्नाभाऊचं खरं नाव हे – रीतसर ड्रॉइंग दिलं. पाचही फळ्या आठशे बारा पॉइंट चाळीस मिलिमीटर.

"पॉइंट चाळीस?" त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागंच ठेवली.

"का? अडचण आहे?"

"मला नाही. भिंतीला येईल."

पहिल्या रविवारी पहिली फळी आली. अगदी ड्रॉइंगबरहुकूम. अर्धी आत गेली आणि अडकली.

"भिंत चुकलीये," मिनल म्हणाली.

"मग भिंतीला लेबल लावा."

तिनं पर्समधून लाल लेबल काढून फळीवर चिकटवलं. त्यानं ते अलगद सोडवलं, घडी केली, शर्टच्या खिशात ठेवलं. लेबल नापास झाल्याचं होतं, पण ठेवण्याची तऱ्हा... वेगळी होती.

मग तो ओळंबा आणि पुठ्ठे घेऊन तासभर कोनाड्यात घुसला आणि बाहेर आला तो डॉक्टरांसारखा गंभीर चेहरा करून. "आत अरुंद आहे, वर रुंद आहे, खाली पोट सुटलंय. प्रत्येक फळीचं माप वेगळं. घाई करून चालायचं नाही. दर रविवारी एक... जमेल?"

एक दिवस उशीर झाला तर सप्लायरला रडवणारी मिनल म्हणाली, "जमेल."

दर रविवारी मग "जय भीम, काका" अशी दारात हाक यायची आणि मागोमाग सागाच्या भुशाचा वास. कोनाडा अरुंद, त्यात दोघं. पाणसळ फळीवर ठेवून बुडबुड्याकडे बघत उभं राहायचं. बुडबुडा मधोमध येऊन थांबायचा; पण तो थांबलाय, हे दोघांपैकी कुणीच लवकर सांगायचं नाही.

तिसरी फळी तर लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मिनलनं टॉर्च मारून पाहिलं. फटीत कागद सरकेना. तिनं पिवळं लेबल लावलं.

"काय चुकलं, मॅडम?"

"डावीकडं... जरा..."

"जरा काय?"

"जरा... परत बघा ना."

त्यानं फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फळी काखोटीला मारून गेला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आणली. या खेपेला पास झाली.

असा दीड महिना गेला. चार फळ्या बसल्या, कोंडीरामांची एक ट्रंक रिकामी झाली. आणि विजयश्री मावशीनं दिघीचं एक स्थळ आणलं. इंजिनीअर. रविवारी बघायला येणार.

"पाहुणे यायच्या आत पाचवी बसव रे, रत्ना," कोंडीराम म्हणाले. "मिनलला बघायला यायचेत."

धम्मरत्नच्या हातातला स्क्रू पडला. तो त्यानं दुसऱ्याच बाजूला शोधला. "शनिवारी आणतो, काका," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मिनल चार फळ्यांकडे बघत बसली. कोंडीराम शेजारी येऊन बसले, गुडघे चोळत.

"तिसरी फळी चांगली होती," ते म्हणाले.

"हं?"

"पस्तीस वर्षं कंपनीत काढलीत मी. चांगल्या मालाला पिवळं लेबल का लागतं, ते मला समजतं. रविवारी पोहे कुणासाठी भिजवायचे, तेवढं शुक्रवारपर्यंत सांग."

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटताच मिनलनं स्कूटर चिखलीकडे वळवली. एकही सिग्नल पाळला नाही.

वर्कशॉपमध्ये धम्मरत्न रंधा मारत होता. तिला बघून रंधा थांबला, भुसा मात्र उडत राहिला.

"पाचवी फळी..." ती म्हणाली आणि थांबली. भिंतीला टेकून पाचवी फळी उभी होती. पॉलिश केलेली. वर महिन्याभराची धूळ. शेजारी खिळ्याला पाच पुठ्ठे टांगलेले, कोनाड्याच्या पाच मापांचे. पाचही पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनं एकच तारीख : पहिल्या रविवारची.

इन्स्पेक्टरची नजर. सुटणार कशी?

"पाची मापं पहिल्याच दिवशी घेतलेली?"

"हो."

"म्हणजे सगळ्या फळ्या एका रविवारात बसल्या असत्या?"

"एका सकाळीच." त्याचे कान लाल झाले. "आणि तिसरी... तुम्ही परत पाठवली ना, तिला मी काहीच केलं नाही. आठवडाभर इथं ठेवली, परत आणली."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"ती चांगलीच होती."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, वाजवू दे.

"मॅडम, मी इंजिनीअर नाही," तो हळूच म्हणाला. "आयटीआय. पण मला तुम्ही... पहिल्या दिवसापासून... फळी लागली तेव्हापासूनच..."

मिनलनं पर्समधून हिरवं लेबल काढलं. पार्टचं नाव : धम्मरत्न. नग : एक. शेरा लिहायला मात्र वेळ लागला. मग ते तिनं त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं आणि हात... तिथंच राहिला. त्यानं मान वाकडी करून वाचलं : 'डेव्हिएशनमध्ये पास.'

"म्हणजे?"

"म्हणजे माल ड्रॉइंगप्रमाणे नाही. पण बसतोय, म्हणून ठेवून घ्यायचा."

तिच्या हातावर त्यानं भुशानं माखलेला हात ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं फोन लावला. "बाबा, रविवारी पोहे भिजवा. मंडळी बदलली."

"मावशीला मी कालच 'नाही' म्हणून कळवलंय," कोंडीराम म्हणाले. "फळी आणायला सांग त्याला." आणि फोन ठेवला.

धम्मरत्न अजून लेबल वाचत होता. "इथं खाली 'मुदत' म्हणून रकाना आहे. रिकामाच ठेवलात?"

"रिकामाच असतो," मिनल म्हणाली. "आमच्या कंपनीत एकदा दिलेलं डेव्हिएशन आजवर कुणी मागं घेतलेलं नाही."