परिचयठसा

मिरजेच्या चेताविज्ञान प्रयोगशाळेत वैजयंती सोनटक्के डोक्यावर लहरमापक टोपी घालून बसली होती. समोरच्या पडद्यावर तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या, दोन चित्रफिती आळीपाळीने लागत होत्या. एक पक्षाघाताच्या आधीची, दुसरी गेल्या आठवड्यातली. पहिली लागली की तिच्या मेंदूतली लहर संथ राही. दुसरी लागली की उसळे.

डॉ. फरीदा मुजावर यांनी अर्थ समजावून सांगितला. सहवासातल्या प्रत्येक माणसाचा एक परिचयठसा मेंदूच्या उजव्या बाजूला तयार होतो. तो माणूस आता काय बोलेल, कसा बघेल, याचा अंदाज हा ठसा सतत बांधत असतो. अंदाज चुकला की लहर उसळते; वारंवार चुकला की मेंदू ठरवून टाकतो, हा आपला नव्हे.

"नाव, नातं, जुन्या घटना वेगळ्या जागी साठवलेल्या असतात," त्या म्हणाल्या. "म्हणून हे वडील आहेत हे तुम्हाला कळतं, पण तसं वाटत नाही. यात तुमचा दोष नाही."

वैजयंतीने सुस्कारा सोडला. पक्षाघातानंतरचे आठ महिने ती स्वतःला कृतघ्न म्हणत आली होती. आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते, घरात मोजकं बोलणारे. त्यांनी कधी कुणाचं कौतुक केलेलं तिला आठवत नव्हतं. डावा हात लुळा पडला आणि माणूसच बदलला. आता ते खळखळून हसत, ती कामावरून आली की काठी टेकत दारापर्यंत येत, तिने केलेल्या साध्या वरणालाही वाहवा म्हणत. ती त्यांचं सगळं मनापासून करी, पण त्यांनी प्रेमाने हात धरला की तिला अंग चोरून घ्यावंसं वाटे. त्यांना नाशिकला भावाकडे पाठवायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

यावर एक उपाय होता. ठसाशिथिलक यंत्राच्या मंद स्पंदनांनी जुना ठसा सैल पडे आणि नवा लवकर उमटे. वैजयंतीने होकार दिला. मात्र त्याआधी, तुलनेसाठी, आप्पांचीही तपासणी करणं भाग होतं.

आप्पांनी हौसेने टोपी चढवून घेतली. पडद्यावर वैजयंती दिसली आणि त्यांची लहर उसळली. तिच्या कॉलेजातली चित्रफीत लावली, लग्नातली लावली, तरी तेच. डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूची छायाचित्रं पुन्हा काढून बघितली.

"पक्षाघात नेमका ठशांच्या भागात झालाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा ठसा त्यांच्याकडे उरलेलाच नाही. आठ महिने तुम्ही त्यांना परक्या वाटत असणार."

वैजयंती आप्पांच्या समोर जाऊन बसली. हे खरं का, म्हणून तिने विचारलं. आप्पा ओशाळले. शुद्धीवर आलो तेव्हा नर्सने ही तुमची मुलगी असं सांगितलं, ते म्हणाले. वैजयंती नावाची मुलगी आहे हे आठवत होतं, पण ही तीच, असं काही केल्या वाटेना. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

"मग एवढे खूश कसे असता तुम्ही?"

"एक अनोळखी बाई रोज मला भरवते, केस विंचरते, वर ऑफिसातल्या गमती सांगते. आणि सगळे म्हणतात, ही तुमचीच मुलगी. एवढं नशीब कुणाचं असतं, सांग."

वैजयंतीला हसू आलं आणि डोळेही भरले. आप्पांनी तिचा हात हातात घेतला. या वेळी तिने तो तसाच राहू दिला.

"भूक लागली," आप्पा म्हणाले. "जाताना काहीतरी खाऊ. तुला काय आवडतं?"

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

"कारलं सोडून काहीही. कारलं मला कधीच आवडलं नाही, आप्पा."

"मी तर खायला लावायचो ना?"

"दर सोमवारी."

आप्पा इतके हसले की टोपी कपाळावर घसरली. तीही हसत सुटली. डॉक्टरांनी स्पंदनोपचारासाठी कुठली तारीख देऊ, असं विचारलं. वैजयंती वडिलांची टोपी अलगद काढत म्हणाली, "सध्या राहू द्या. आधी आम्हा दोघांना जेवायला जायचंय."