लाल रेघेवरची काच

खिंड गाठायची, बास! एवढ्यासाठीच काका त्याच्या आणि मी बाबांच्या मोटरसायकलवर निघालो होतो. बाबा तीनदा निघाले आणि तीनदा शेवटच्या चढावरून परतले. समोरचा वारा लागला की त्यांची मान आखडायची. म्हणून त्यांनी पुढच्या काचेवर बसवायचा डिफ्लेक्टर मागवला, वारा डोक्यावरून वळवणारी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. तो यायच्या आधीच त्याच्या मापाचा पुठ्ठा कापून मला काचेवर धरायला लावला, स्वतः सीटवर ताठ बसले.

"अजून वर... हां! मार रेघ."

पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला मी काचेवर लाल रंगाने रेघ मारली. डिफ्लेक्टर आला तेव्हा बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, गॅरेजवाला. त्याने बोल्ट हातात घेतले आणि थबकला. "अगं, तुझा बाप सहा फुटी, तू एवढीशी. माप तुझं घे."

"रेघेवरच बसेल!"

"बापावर गेलीयस," तो पुटपुटला. त्याने बोल्ट आवळले आणि पाना खिशात टाकला.

पहिल्या दिवशी ओढा ओलांडला, दरडीच्या दगडांतून गाड्या ढकलल्या. दुसऱ्या दिवशी झाडं संपली, रस्ता कड्याला चिकटून वर चढू लागला. बाबांची नजर डिफ्लेक्टरच्या वरून गेली असती, मला मात्र त्याच्या आरपार बघावं लागत होतं. ऊन होतं तोवर चाललं.

मग गारठा आला. बर्फाळ पाऊस सुरू झाला! प्लॅस्टिकवर पांढरा थर धरला. हातमोज्याने पुसला, पुन्हा धरला. मान तिरकी करून बघितलं. वळण कुठाय? दिसेना! चाक खडीवर गेलं. घसरलं! मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी आडवी झाली, मी रस्त्यावर आपटले. पुढचं चाक कड्याबाहेर अधांतरी फिरत होतं.

काका धावत आला. आम्ही दोघांनी गाडी मागे ओढली. मग त्याने पाना काढून माझ्यापुढे धरला.

"काढ खाली."

"नाही. ही एवढीच खूण राहिलीय त्यांची, काका!"

"आणि माझ्या भावाची तू एवढीच राहिलीयस." त्याने पाना माझ्या हातात कोंबला. "एकाला पोचवलंय मी. दुसऱ्यांदा नाही जमणार गं मला."

बोल्ट मीच सैल केले. रडत रडत डिफ्लेक्टर चार बोटं खाली घेतला. आता मला वरून रस्ता दिसत होता. लाल रेघ त्याच्यामागे गेली.

तासाभराने आम्ही खिंडीत होतो! पाऊस थांबला होता, वारा मात्र उभं राहू देत नव्हता. मी गाडी वाऱ्याकडे तोंड करून स्टँडवर लावली. काकाकडे हात पुढे केला. न विचारता त्याने पाना दिला.

मी डिफ्लेक्टर पुन्हा लाल रेघेवर चढवला आणि बाजूला झाले. रिकाम्या सीटच्या वर, बाबांची मान असती तिथे मी हात धरला. वारा लागत नव्हता.

"बघ की रे दादा," काका सीटकडे बघत म्हणाला, "पोचलास."

मग मी डिफ्लेक्टर माझ्या मापाला खाली घेतला, बोल्ट आवळले आणि आम्ही घरी निघालो.