बिनगाडीचे रूळ

माझे सासरे सोपानमामा रेल्वेत सांधेवाले होते. निवृत्तीनंतर ते आष्ट्याच्या घरी परतले आणि पुढच्या खोलीत त्यांनी प्लायवूडवर खेळण्यातलं स्टेशन मांडलं. मेन लाइन, तिच्याशेजारी गाडी बाजूला घ्यायची लूप, टोकाला रूळ बदलणारे सांधे. इंजिन मात्र आणलंच नाही. विचारलं की म्हणायचे, "गाडी डायवरची. आपलं काम वाट द्यायचं."

हे सांधे विजेवर फिरतात. रुळाच्या पट्टीखाली कॉइल असते. बटण क्षणभर दाबलं की ती दांडा ओढते आणि पट्टी सरकते. बटण दाबूनच धरलं तर कॉइल जळते. लूपच्या सांध्याची कॉइल पावसाळ्यापासून सारखी जळत होती. शेवटी शेवटी तर प्लायवूडही काळं पडलं.

"बाबा बटण दाबतात आणि विसरतात," प्रबुद्ध, माझा नवरा, म्हणाला. "एक दिवस घर पेटेल. त्यांना साताऱ्याला आणू आणि त्या घराला कुलूप लावू."

मामा म्हणत होते, मी हातच लावला नाही. पण सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. ते खोटं बोलतात असं मलाही वाटलं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आष्ट्याला गेले आणि बटणाच्या अलीकडे कपॅसिटर बसवला. आता कितीही वेळ दाबलं तरी कॉइलला एकच झटका मिळणार होता.

"म्हंजी मला घर सोडाय नको?"

"नको, मामा."

"मग च्या कर. साखर जरा सढळ हातानं. पोरगा न्हाई बघायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीतून जळक्या वार्निशाचा वास आला. सांधा लूपला लागलेला होता. कॉइलला बोट लावलं, चटका बसला. मामांनी तारा बदलल्या असणार. मी एकेक तार तपासली. सगळ्या मी जोडल्या तशाच होत्या.

मग मी सांधा पुन्हा मेन लाइनला सरकवला, वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मरच सोडवला आणि न सांगता पर्समध्ये टाकला. पर्स खांद्याला अडकवून स्वयंपाकघरात मामांसमोर शेंगा फोडत बसले.

"माझ्यावर नजर ठेवतीस व्हय गं?"

"शेंगा फोडा, मामा."

"कैद्याला बी इतका पहारा नसतोय. पर्स तर काढ, कोण चोरतंय हितं?"

मी हसले. तेवढ्यात पुढच्या खोलीत टक् असा आवाज झाला.

मामांचे हात थांबले. शेंग तशीच चिमटीत राहिली.

मी जाऊन पाहिलं. सांधा लूपला लागला होता.

पट्टी बोटानं मागे ढकलली. हलली नाही. ती काडेपेटीतल्या काडीएवढी हलकी होती. जोर लावला. तरी हलली नाही. बोटाखाली ती बारीक थरथरत होती, ठरावीक लयीत.

थरथर हळूहळू विरली. मग पट्टी नुसत्या स्पर्शानं सरकली.

परत आले तेव्हा मामा तिथंच बसले होते.

"तुम्ही नाही, मामा," मी म्हणाले. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे. प्रबुद्धला मी सांगते. तुम्ही इथंच राहा."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवून दिली.

"मी इसरतोय, आसं वाटत हुतं तवर बरं हुतं," ते म्हणाले. "आता हितं न्हाई ऱ्हायचं. बोलव त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रबुद्ध कार घेऊन आला.

"पटलं ना शेवटी, बाबा?"

मामा चपला घालून अंगणात उतरले. बॅग त्यांनी स्वतःच भरली होती. मी दाराला कुलूप लावलं.

बाहेर वारा अजिबात नव्हता. अंगणाच्या पलीकडच्या कडेला शेजारच्या आक्काताईंचे कपडे तारेवर वाळत होते. प्रबुद्ध बॅग घेऊन फाटकाकडे निघाला. मामांनी त्याचं कोपर धरलं.

"थांब."

"आता काय राहिलं, बाबा?"

"थांब म्हणतोय न्हवं."

ते ताठ उभे राहिले. उजवा हात बाजूला लांब केला, हातात हिरवं निशाण असावं तसा.

तारेवरची पहिली साडी फुगली.

मग टॉवेल. मग परकर. मग टोकाचा सदरा.

मग पुन्हा पहिली साडी.

प्रबुद्धनं बॅग खाली ठेवली.

आम्ही तिघंही उभे राहिलो. गाडी बऱ्याच डब्यांची होती.