एकसष्टची जोडी

दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा दिसलाच नाही. दिसला तो एक लाकडी स्पीकर आणि त्याला बिलगलेले, थंडीनं लालबुंद झालेले दोन हात.

“मारेन तुम्हीच ना? मी ऑस्कर. त्याच विक्रेत्यानं फसवलेला दुसरा गाढव!”

मी हसले. पत्ता मीच कळवला होता. पण एवढ्या बर्फात, पूल ओलांडून तो इकडे आमच्या डुलुथ शहरात येईल असं वाटलं नव्हतं.

जुने स्पीकर ऑनलाइन घेतले की फोटोतलेच घरी येतात असं नाही. जोडीतल्या दोघांच्याही पाठीवर एकच क्रमांक असतो. माझ्या एकावर एकसष्ट होता, दुसऱ्यावर चौऱ्याऐंशी. विक्रेत्याच्या पानावर तक्रारीसोबत मी दोन्ही पाठींचा फोटो टाकला, त्याखाली ऑस्करनं लिहिलं – ‘उरलेले दोन माझ्याकडे आहेत!’

आज माझ्या चौऱ्याऐंशीच्या बदल्यात द्यायला त्यानं त्याचा एकसष्ट आणला होता. माझ्या एकसष्टशेजारी तो लावला, तबकडी फिरू लागली... आणि गाणारीचा आवाज थेट मधल्या कोऱ्या भिंतीतून आला.

“तिथे तर काहीच नाही!” तो कुजबुजला.

“दोघांचं जुळलं की आवाज मधे येतो,” मी म्हणाले. मग मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं, आणि कान तापले.

तो नुसता बघत राहिला. नजर काही भिंतीकडे नव्हती.

कॉफी पिताना त्याला माझ्या बरण्या दिसल्या. “मिठावरसुद्धा चिठ्ठी? तारखेसकट?”

“मी सरोवराचं पाणी तपासते. एक चिठ्ठी चुकली तर सगळंच चुकतं.”

“मग कधी चुकलीय का?”

“अजून तरी नाही.”

तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला गेला. बदल्यात द्यायचा स्पीकर मी ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. त्यानं त्याला लहान मुलासारखा पट्टा बांधला.

“जुळल्या जोड्या,” तो म्हणाला. “म्हणजे... आता काही काम उरलं नाही.”

“हं,” मी म्हणाले. तरी तो बराच वेळ किल्लीच शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

संध्याकाळी फोन वाजला.

“मारेन, तू मला माझाच एकसष्ट परत दिलास.”

“हो.”

“चुकून?”

मी श्वास घेतला. “मी चुकत नाही, ऑस्कर.”

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला.

“निघालोच. या वेळी दोन्ही घेऊन येतो.”

मी फोन ठेवला आणि चार स्पीकर मावतील एवढी जागा करायला सोफा सरकवू लागले.